विकायचे नसलेल्या घराची किंमत एजंटांकडून कशी काढून घ्यावी: खान्देशातील घरमालकांसाठी

घर विकण्याचा कोणताही विचार नसताना त्याची आजची किंमत जाणून घ्यावी लागते, असे प्रसंग बहुतेक कुटुंबांत कधी ना कधी येतात. भावंडांमध्ये वाटणी करायची असते, वडिलांना मृत्युपत्र लिहायचे असते, धंद्यासाठी घर तारण ठेवून कर्ज घ्यायचे असते किंवा आहे त्याच घरावर मजला चढवावा की नवा प्लॉट घ्यावा, हे ठरवायचे असते. अशा वेळी जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा भुसावळसारख्या शहरात पहिला सल्ला मिळतो तो ओळखीच्या प्रॉपर्टी एजंटाला विचारण्याचा. हा सल्ला चुकीचा नाही. मात्र एजंटाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा त्या आकड्यामागचे कारण अधिक मोलाचे असते आणि ते कारण काढून घेण्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते.

आधी हेतू ठरवावा

एकाच घराच्या एकाच वेळी अनेक किमती असू शकतात आणि त्या सगळ्या आपापल्या जागी बरोबर असतात. एजंट सांगतो तो अपेक्षित विक्रीभाव असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दर, ज्यांना आपण रेडी रेकनर म्हणतो, ते मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेले असतात. बँक कर्ज देताना स्वतःच्या पॅनेलवरील मूल्यांककाचा अहवाल मागते आणि त्यात आकडा बहुधा सावधपणे धरलेला असतो. विमा कंपनीला जमिनीच्या किमतीशी काहीच कर्तव्य नसते, कारण आग लागली किंवा पूर आला तरी जमीन जागेवरच राहते. तिला केवळ बांधकाम पुन्हा उभे करण्याचा खर्च हवा असतो.

त्यामुळे एजंटाला बोलावण्यापूर्वी आपल्याला नेमके कशासाठी मूल्य हवे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. कुटुंबातील चर्चेसाठी, वाटणीचा पाया ठरवण्यासाठी किंवा स्वतःच्या नियोजनासाठी तीन जाणत्या एजंटांचे मत पुरेसे आणि अनेकदा सर्वांत उपयुक्त असते. वाद न्यायालयात जाण्याची शक्यता असेल किंवा परदेशी शिक्षणाच्या व्हिसासाठी मालमत्तेचा पुरावा द्यायचा असेल, तर मात्र नोंदणीकृत मूल्यांककाचा सही-शिक्क्याचा अहवालच लागतो. वाटणीपत्र, हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र नोंदवताना दुय्यम निबंधक कार्यालय सरकारी दराने येणारी किंमत पाहते, तेथे एजंटाच्या मताला स्थान नसते.

घरातील सहहिस्सेदारांना अगोदर सांगावे

ही पायरी अनेकजण गाळतात आणि त्याचा त्रास पुढे वर्षानुवर्षे राहतो. आपल्याकडे शहरे मोठी झाली असली तरी पेठा आणि कॉलन्या अजून एकमेकांना ओळखतात. घरासमोर एजंटाची गाडी थांबली आणि त्याने टेप लावून अंगण मोजले की संध्याकाळपर्यंत ‘घर काढलं म्हणे’ अशी वार्ता फिरते. भाडेकरू अस्वस्थ होतो, उधारी देणारा व्यापारी हात आखडतो आणि ज्या बहिणीला काहीच सांगितलेले नसते तिच्या मनात कायमची शंका बसते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. म्हणून भावाइतकेच बहिणीलाही आणि तेही एजंट येऊन जाण्याआधी कळवणे आवश्यक आहे. शक्य असल्यास भेटीच्या वेळी एका सहहिस्सेदाराला हजर ठेवावे. पुढे आकड्यावर विश्वास बसायचा असेल, तर तो सर्वांच्या देखत आलेला असावा.

कागद आणि मोजमाप

एजंट येण्यापूर्वी पुढील कागदांच्या छायाप्रती एका फाईलमध्ये लावाव्यात: खरेदीखत व सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा नोंदणी कार्यालयातून मिळणारा सारांश, म्हणजे इंडेक्स टू), सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर बांधकाम नकाशा, बांधकाम पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला, बिनशेती आदेश व लेआउट आणि चालू वर्षाची घरपट्टी व पाणीपट्टीची पावती. आपल्या भागातील अनेक कॉलन्यांमध्ये प्लॉटचा स्वतंत्र सातबारा असतो आणि त्यावर गट क्रमांकापुढे प्लॉट क्रमांक लिहिलेला असतो, तर जुन्या पेठांमध्ये नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि स्वामित्व योजनेखाली मोजणी झाली असल्यास त्यातून मिळालेली मिळकत पत्रिका ठेवावी. घरपट्टी आपल्या नावावर असणे हा मालकीचा पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवावे. वडील वारल्यानंतर वारसनोंद झालेली नसेल, तर जाणता एजंट त्या कारणावरून किंमत कमी सांगेल आणि तसे सांगणे योग्यच असेल.

मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत. छायाप्रतींवर ‘केवळ पाहण्यासाठी’ असे ठळक लिहावे आणि त्यासोबत आधार किंवा पॅनची प्रत देऊ नये, कारण मत सांगण्यासाठी त्यांची गरजच नसते.

मोजमाप स्वतः करावे. प्लॉटचे क्षेत्र उताऱ्यावर चौरस मीटरमध्ये असते आणि बाजारात भाव चौरस फुटाने बोलला जातो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. बोलताना गुंठा आणि आर एकच समजले जातात, पण गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि आर सुमारे १,०७६ चौरस फुटांचा असतो. फ्लॅट असेल तर चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतले प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र, वेगळे मोजून ठेवावे. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली असली, तरी जुन्या इमारतींतील फ्लॅटचे भाव अजून सुपर बिल्टअप क्षेत्रावर, म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून, बोलले जातात. एजंटाने दर सांगितला की तो कोणत्या क्षेत्रावरचा आहे, हे त्याच क्षणी विचारावे.

एजंट येण्याआधी स्वतः थोडे शोधावे

या पायरीला एक संध्याकाळ द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिच्यामुळे पुढची सगळी चर्चा बदलते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून आपल्या भागाचा रेडी रेकनर दर पाहता येतो. हा दर साधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतो. त्यात खुल्या जमिनीचा दर आणि निवासी सदनिकेचा दर वेगवेगळा दिलेला असतो. स्वतंत्र घराला सदनिकेचा दर लावून लोक हिशेब करतात, तो चुकतो.

त्याच संकेतस्थळावर मोफत ई-सर्चची सोय आहे. तेथे वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या क्रमांकावर नोंदवलेले दस्त दिसतात. आपल्या कॉलनीचा गट क्रमांक टाकून गेल्या दोन-तीन वर्षांची खरेदीखते पाहावीत. सूची क्रमांक दोनमध्ये मोबदला आणि बाजारभाव असे दोन स्वतंत्र रकाने असतात, त्यांतला मोबदल्याचा आकडा पाहावा. दस्तात लिहिलेला मोबदला प्रत्यक्ष भावापेक्षा कमी असण्याची शक्यता असते, त्यामुळे त्याला किमान पातळी मानावे. बँकांच्या लिलावाच्या जाहिराती स्थानिक दैनिकांत येतात. त्यांतील राखीव किंमत हीदेखील खालच्या टोकाचाच अंदाज देते. दुय्यम निबंधक कार्यालयाजवळ बसणाऱ्या अनुभवी दस्तलेखकाशी बोलता आले तर जरूर बोलावे. कोणत्या भागात व्यवहार होत आहेत आणि कोणत्या भागात नुसत्या पाट्या लागल्या आहेत, हे त्यांच्याइतके नेमके क्वचितच कोणी सांगते.

कोणाला बोलवावे आणि काय सांगावे

तीन एजंट पुरेसे आहेत. त्यांपैकी एक आपल्याच भागात अनेक वर्षे व्यवहार करणारा असावा, दुसरा मुख्यतः नव्या योजना विकणारा व महारेराकडे (रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदणी असलेला असावा आणि तिसरा आपल्यासारख्याच प्रकारच्या मालमत्तेचे काम करणारा असावा. धुळ्यात देवपूरच्या बंगल्यांचे व्यवहार करणाऱ्याला जुन्या शहरातील क्रमांकाच्या गल्ल्यांमधील खाली दुकान व वर राहते घर अशा मिळकतीचा अंदाज येईलच असे नाही. जळगावात महाबळ किंवा रिंग रोडचा जाणकार पिंप्राळ्याच्या दराबद्दल ऐकीव माहितीच सांगेल. महारेराची नोंदणी नव्या प्रकल्पांतील विक्रीसाठी बंधनकारक आहे. जुन्या घरांचे काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ती असेलच असे नाही, पण असल्यास ती जमेची बाजू धरावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विकायचे नाही हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगावे. ‘भाऊ, घर विकायचं नाहीये. वाटणीसाठी आजचा भाव समजून घ्यायचा आहे. तुमच्या वेळेचे पैसे देईन, पण येऊन नीट पाहून सांगा,’ इतके बोलणे पुरते. विकायचे असल्याचे भासवून भाव काढून घेण्याची पद्धत रूढ आहे आणि ती मला दोन कारणांनी अयोग्य वाटते. एक तर दलालीवर पोट असलेल्या माणसाचा अर्धा दिवस खोट्या आशेवर घेणे हा अन्याय आहे. दुसरे असे की, त्या खोटेपणामुळे आकडाच बिघडतो. ज्याला आपले काम मिळवायचे असते तो आपल्याला खूश करण्यासाठी भाव चढवून सांगतो. ज्याच्याकडे गिऱ्हाईक तयार असते किंवा ज्याला स्वतःच गुंतवणूक करायची असते, तो भाव पाडून सांगतो. विक्रीच नाही म्हटल्यावर हे दोन्ही स्वार्थ बऱ्याच अंशी गळून पडतात. मग उरतो तो निष्काळजीपणाचा धोका, म्हणजे फायदा नसल्यामुळे उभ्या उभ्या आकडा फेकून निघून जाण्याचा. ठरवून मानधन देण्याचा मुख्य उपयोग हा धोका टाळण्यासाठीच होतो. अनेक एजंट पैसे घेत नाहीत. घेतले नाहीत, तरी देऊ केल्याने पाहणी गांभीर्याने होते.

वेळ निवडताना आपल्याकडचे पंचांगही उपयोगी पडते. आखाजी, दसरा, दिवाळी या मुहूर्तांच्या आसपास एजंटांना फुरसत नसते. पितृपक्षात खरेदीचे व्यवहार मंदावलेले असतात आणि निवांत बोलणे होते.

पाहणीच्या दिवशी

घराला रंगरंगोटी करू नये आणि काही लपवू नये. स्लॅब कोठे गळतो, कोणत्या भिंतीला ओल येते, मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम किती झाले आहे आणि जुन्या भाडेकरूशी वाद आहे का, हे आपणहून सांगावे. ज्या दोषासह घर आहे त्या दोषासह त्याची किंमत हवी आहे.

खान्देशात किंमत हलवणारी काही कारणे पुण्या-मुंबईच्या यादीत सापडत नाहीत. पहिले कारण पाण्याचे. नळ कितव्या दिवशी येतो, बोअर किती फुटांवर आहे, मे महिन्यात ते किती वेळ चालते आणि जमिनीखालच्या टाकीत किती लिटर मावते, या प्रश्नांवर गिऱ्हाईक परत फिरते किंवा थांबते. दुसरे उन्हाचे. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात पश्चिमेची उघडी भिंत आणि वर खोली नसलेला स्लॅब यांचा विचार खरेदीदार करतोच. तिसरे बांधकामाच्या प्रकाराचे. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) जुन्या घरात बांधकामाची किंमत जवळजवळ शून्य धरून केवळ जागेचा भाव केला जातो आणि मग समोरची लांबी व गल्लीची रुंदी निर्णायक ठरते. रस्ता अरुंद असेल तर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार पुनर्बांधणीत किती क्षेत्र मिळेल, यावर मर्यादा येते.

चौथे कारण जमिनीच्या प्रकाराचे आहे आणि ते सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन (सरकारी निर्बंध असलेली जमीन) अशी नोंद असेल तर हस्तांतरणासाठी सरकारी परवानगी लागते. नंदुरबार, साक्री, शिरपूर या भागांत आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार निर्बंध आहेत. गुंठेवारीतील, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतील, प्लॉट नियमित झालेला आहे की नाही, यावरही बँकेचे कर्ज आणि त्यामुळे खरेदीदारांची संख्या अवलंबून असते. कर्ज न मिळणाऱ्या घराला गिऱ्हाईक फक्त रोख पैसा असलेले मिळते आणि ते थोडे असते.

यानंतर प्रश्न विचारावेत. ‘काय भाव चालू आहे’ असे विचारल्यास बोलला जाणारा भाव मिळतो, म्हणून गेल्या वर्षभरात जवळपास झालेले दोन-तीन व्यवहार विचारावेत: प्लॉट केवढा, रस्ता किती फुटी, बांधकाम किती जुने, किती रकमेला आणि किती महिन्यांत सौदा झाला. माणसांची नावे विचारू नयेत. त्याची आपल्याला गरज नसते आणि एजंटालाही संकोच वाटतो. दुसरा प्रश्न असा की तीन महिन्यांत विकायचे झाल्यास काय येईल आणि वर्षभर थांबल्यास काय येईल. तिसरा प्रश्न आवर्जून विचारावा: संपूर्ण रक्कम बँकेतून, दस्तात पूर्ण लिहून घ्यायची असेल तर भाव काय? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि आपल्याला उपयोगाचा आकडा हाच आहे.

भविष्यातील विकासाचा भाव वेगळा काढायला लावावा. धुळ्यात मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, जळगावात तरसोद ते पाळधी वळणरस्त्यामुळे महामार्गालगतच्या जागांची चर्चा बदलली. अशा गोष्टींमुळे भाव खरोखर वाढू शकतो, पण त्या पूर्ण होण्याआधीची वाढ हा अंदाज असतो. वाटणीच्या हिशेबात घर ठेवणाऱ्या भावंडाला अशा अंदाजाचे पैसे आजच दुसऱ्याला द्यायला लावणे न्याय्य नाही.

कोणत्याही कागदावर सही करू नये, टोकन घेऊ नये आणि घराचे फोटो काढू देऊ नयेत. फोटो व्हॉट्सॲपच्या गटांत गेला की घर विक्रीला असल्याचे जाहीर होते. एजंट गेल्यावर सांगितलेले सर्व तारखेसह लगेच लिहून ठेवावे.

आकडे कसे वाचावेत

हिशेब समजण्यासाठी काही दर गृहीत धरू. समजा कॉलनीत १५० चौरस मीटरचा प्लॉट आहे, म्हणजे सुमारे १,६१५ चौरस फूट. जवळच्या व्यवहारांवरून जमिनीचा दर २,००० रुपये प्रति चौरस फूट दिसतो, तर जमीन ३२ लाख ३० हजारांची झाली. बांधकाम १,४०० चौरस फूट असून आज तसेच बांधायला १,८०० रुपये दराने २५ लाख २० हजार लागतील. घर वीस वर्षांचे आहे. आरसीसी बांधकामाचे आयुष्य साठ वर्षे आणि शेवटी उरणारे मूल्य दहा टक्के धरले तर घसारा तीस टक्के येतो आणि बांधकामाचे आजचे मूल्य १७ लाख ६४ हजार उरते. एकूण किंमत पन्नास लाखांच्या किंचित खाली येते.

आता एका एजंटाने ४५, दुसऱ्याने ५२ आणि तिसऱ्याने ६५ लाख सांगितले असतील, तर तिघांची सरासरी काढू नये. पहिल्या दोघांनी व्यवहार दाखवले असतील आणि तिसऱ्याने केवळ ‘या भागाला मागणी आहे’ एवढेच सांगितले असेल, तर ६५ चा आकडा बाजूला ठेवून ४५ ते ५२ ही कक्षा धरावी. मात्र तिसऱ्याने कोपऱ्याचा प्लॉट, दुकान काढण्याजोगा दर्शनी भाग असे ठोस कारण दिले असेल, तर उरलेल्या दोघांना फोन करून त्या कारणाबद्दल त्यांचे मत घ्यावे. सरकारी दराने येणारी किंमत या कक्षेच्या फार वर जात असेल, तर क्षेत्र, दर किंवा झोन यांपैकी काहीतरी चुकले आहे का, हे पुन्हा तपासावे.

वाटणीसाठी कक्षेचा मध्य घेण्याऐवजी माझ्या मते एक जुनी रीत अधिक समाधान देते. जो घर ठेवणार आहे त्याने किंमत सांगावी आणि त्याच किमतीला आपला हिस्सा देऊन पैसे घ्यायचे की किंमत सांगणाऱ्याचाच हिस्सा विकत घ्यायचा, हे इतरांनी निवडावे. एजंटांचे तिन्ही आकडे लेखी स्वरूपात सर्वांसमोर असतील तर ही निवड दबावाविना होते.

विम्यासाठी वरील उदाहरणात २५ लाख २० हजार हाच आकडा वापरावा, पन्नास लाखांचा नव्हे. २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीतही इमारतीची विमा रक्कम बांधकाम खर्चावरच काढली जाते. कर्जासाठी जाताना एजंटांची टिपणे बँकेला दाखवून उपयोग नसतो, पण बँकेच्या मूल्यांककाचा आकडा अनपेक्षित कमी आला, तर कोणत्या मुद्द्यावर विचारणा करायची हे त्या टिपणांमुळे कळते. न्यायालयीन किंवा करविषयक कामासाठी नोंदणीकृत मूल्यांकक नेमावा लागला, तर शुल्क आणि अहवालाचा हेतू आधी लेखी ठरवून घ्यावा. कोणत्या तारखेचे मूल्य हवे आहे, हेही त्यातच नमूद करावे.

काम झाल्यावर तिन्ही एजंटांना फोन करून निर्णय कळवावा आणि आपले घर त्यांच्या यादीत ठेवू नये असे सांगावे. टिपणे, मोजमाप आणि ई-सर्चमधून काढलेल्या नोंदी त्याच फाईलमध्ये तारखेनिशी लावून ठेवाव्यात. दोन-तीन वर्षांनी पुन्हा गरज पडली, तर आधी नव्या एप्रिलचा सरकारी दर पाहावा आणि त्याच एजंटांना तेच प्रश्न विचारावेत.